एका भिंगाला दिसलेल्या तीन बायका

"भिंग मोठं दाखवतं, पण एका वेळी थोडंच दाखवतं. अधूनमधून ते बाजूला ठेवत जा," दुकानदाराने मला कागदात गुंडाळताना बाजीला बजावलं होतं.

"मला थोडंच बघायचं असतं, चाचा," असं हसत म्हणून बाजीने मला पर्समध्ये टाकलं.

मित्रांनो, तेच मी जुनं भिंग. माझी पितळी कड काळवंडली आहे, मूठ जराशी डुगडुगते, पण चौकसपणा काही गेलेला नाही.

तिला सगळे बाजी म्हणत, म्हणजे मोठी बहीण. जुन्या मासिकांत लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचा ती शोध घेत होती. त्यांच्या लेखांचं पुस्तक निघायचं होतं आणि प्रकाशन चालवणाऱ्या आपा हात धुऊन तिच्या मागे लागल्या होत्या. त्यात घरी नुकती चालायला लागलेली लेक. मी टेबलाच्या कडेला असलं की बाजीचा अर्धा जीव पानात, अर्धा माझ्यात. "काच फुटली आणि हिने तोंडात घातली तर?"

पिवळ्या पानांवरची पुसट अक्षरं मी डोळा रोखला की फुगून वर येत. मला मात्र एका गोष्टीचं भारी नवल वाटे. या बायका शाळा, औषधं, ग्रहतारे, सगळ्यांवर ठणकावून लिहीत आणि खाली सहीच्या जागेवरून स्वतः पसार! 'घड्याळजींची मुलगी'. 'डॉक्टरांची बेगम'. 'छोटीची अम्मी'. त्या काळी काही घरांत बाईचं नाव परक्यांच्या नजरेला पडणं बरं दिसत नसे, म्हणून संपादक बाईंनीच ही सोय करून दिली होती.

बाजीने प्रत्येकीचा परिचय लिहिला. छोटीच्या अम्मीचं लेखन पुढे कुठेच सापडेना. शेवटी तिने लिहिलं, 'या तरुणपणीच वारल्या असाव्यात.' ते वाक्य लिहून तिने झोपलेल्या लेकीकडे पाहिलं आणि मला उगाचच पुसलं.

मुद्रितं तपासायची पद्धत अशी, की एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. एके दिवशी ऐकणारी आलीच नाही. वरच्या मजल्यावरची नानी लेकीला सांभाळायला आली होती. तिचे डोळे अधू झालेले.

"नानी, तुम्ही नुसतं ऐका. वाचलं की मला चूक कळते."

नानी लेकीला मांडीवर घेऊन बसली. लेकीच्या हाती मी लागलं होतं आणि ती माझ्यातून नानीची हनुवटी न्याहाळत होती. त्यामुळे नानीचे ओठ मला केवढे तरी मोठे दिसले. ते हलत होते. बाजीच्या आधी!

बाजीने घड्याळजींच्या मुलीचा लेख वाचायला घेतला. "घड्याळ थांबलं की सगळं घर धावतं..."

"...बाई थांबली तर कुणी कान लावूनही पाहत नाही," नानी म्हणाली.

बाजीचा पेन हातातच राहिला. "तुम्हाला कसं पाठ?"

"आपलं पोर आपण ओळखणार नाही होय?"

बाजीने भराभर पानं उलटली. डॉक्टरांच्या बेगमचं वाक्य नानीने पुरं केलं. छोटीच्या अम्मीचंही.

"पण नानी, या तिघी आहेत!"

"तिघी कुठल्या? आधी बापाची, मग नवऱ्याची, मग पोरीची. बाई एकच."

काखेत कळसा नि गावाला वळसा! बाजीने परिचयावर हात ठेवला, पण नानी सोडते होय? "माझ्याबद्दल काय लिहिलंस? वाच की."

"तरुणपणीच... वारल्या असाव्यात," बाजी पुटपुटली.

नानी इतकी हसली, की मांडीवरची लेक उसळली. "वारले नाही गं बेटी! छोटीच्या पाठीवर जुळी झाली!"

बाजी हसली नाही. "मग पुन्हा का नाही लिहिलंत?"

"कुणी विचारलं नाही. मासिकवाल्यांना वाटलं, संसारात रमली. घरच्यांना वाटलं, हौस फिटली."

बाजीने आपांना फोन लावला. "पानं छपाईला निघालीत आणि तू तीन बायकांची एक करतेस?" आपा कडाडल्या.

"जिवंत सापडली आहे आपा, आनंद माना."

आपांचा आवाज एकदम उतरला. "थांबवते. पण खाली नाव खरं हवं."

"नाव कशाला?" नानी कावरीबावरी झाली. "छोटीची अम्मी बरं आहे की. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. तुम्ही काय म्हणता?"

नानीने मला लेकीच्या हातातून सोडवलं, ओढणीच्या टोकाने पुसलं, आणि खाली मान घालून हळूच आपलं नाव सांगितलं. इतकी वर्षं त्या इमारतीत राहूनही बाजीने ते कधी ऐकलं नव्हतं.

नवं पान आलं तेव्हा नानीने मला त्या नावावर धरलं. माझी मूठ डुगडुगली आणि अक्षरं नाचली. तिने मला दूर केलं, पुन्हा जवळ आणलं. दुसऱ्या दिवशी तिने बाजीकडे कोरे कागद मागितले. तेव्हापासून मी वरच असतं. नानी बोराएवढ्या अक्षरांत लिहिते आणि बाजी लेकीला कडेवर घेऊन रोज विचारायला येते, "पुढे काय झालं?"

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, एवढंच माझ्यापुरतं मागणं. पण तुमच्याही जिन्यात कुणी 'अमक्याची आई' राहत असेल. बऱ्याच दिवसांत तिचा आवाज आला नसेल. आज जरा वर जा. दाराला कान लावा, मग कडी वाजवा. जेवलात का, ते विचारा. आणि निघण्याआधी तिचं नाव विचारा.