सकाळी दहाची सभा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. पत्र्याचा, हातात धरून बोलायचा. मला ना सेल लागत, ना वायर. सोलापुरात गिरण्या जोरात होत्या तेव्हा नवी पेठेतल्या एका कारागिराने मला ठोकून घडवले आणि कामगारांच्या पक्षाने विकत घेतले. पक्षाचे कार्यकर्ते धर्मपालमामा माझ्यातून हाक मारत, तेव्हा तव्यावरची भाकरी तशीच टाकून माणसे चाळीबाहेर येत. खोटे कशाला सांगू, मी फार फुगलो होतो.

पुढे गिरण्या बंद पडल्या. पक्षाच्या सभांना मंडप आले, बाहेरगावचे वक्ते आले. ते बोलत ते चांगलेच असे, पण वस्तीतल्या बायांना कोणी काही विचारीना. मी कपाटावर धूळ खात पडलो. मते घटत गेली. "लोक विकले गेले," असे कार्यालयात म्हणत, आणि मलाही ते पटे.

यंदा मामांची नात धम्मप्रिया महापालिकेला उभी राहिली. तिने मला राखेने घासले, तेव्हा मला आनंदाने काही सुचेना! ऊन चढायच्या आत म्हणून सभा ठेवली सकाळी दहाला. पोरगी घसा फोडून बोलली. समोर होते तीन म्हातारे आणि एक शेळी.

रडवेली होऊन ती शेजारच्या मीनाबाईंच्या ओट्यावर गेली. मीनाबाई घरी बिड्या वळतात.

"मावशी, तुम्हीपण आला नाहीत?"

"कशी येनार, बाई? धाला बिड्या जमा करायला आमी कारखान्याच्या रांगेत आसतो की. तुमची सभा दर येळी धालाच!"

"मग कधी सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलं व्हतं व्हय?"

धम्मप्रियाचा चेहरा उतरला. मला तर माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ती रांगेतच जाऊन उभी राहू लागली. मी तिच्या पिशवीत गप्प. चार दिवस तिने फक्त ऐकले. रांगेत सावली नाही, पाणी नाही. आणि तपासणारा मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्या परतही देत नाही. पाचव्या दिवशी तिने मला मीनाबाईंच्या हाती दिले. त्यांनी मला उलटेच तोंडाला लावले! रांग खो खो हसली. मग मला सरळ धरून त्या गरजल्या, "सायब, सावली पायजे! काढलेल्या बिड्या आमच्या आमाला पायजेत!"

काय तो आवाज, मित्रांनो! माझा पत्रा थरथरला.

आठवड्यात रांगेवर ताडपत्री आली, पाण्याचा माठ आला. बिड्यांचे भांडण अजून चालू आहे. निवडणुकीचा निकालही लागायचा आहे. पण आज संध्याकाळी सातला वस्तीत सभा आहे. ती बायांनी बोलावली आहे, आणि धम्मप्रियाला निरोप धाडलाय, "तूबी ये."

मित्रांनो, मला जपा, राखेने घासा, गंजू देऊ नका. मात्र मला तोंडाला लावण्याआधी समोरच्या माणसाची सवड विचारा. आता पुरे करतो. सात वाजलेत, मीनाबाईंना बोलायचे आहे.