कानामागचा सफेदा

“काय मियाँ, चुन्याचं काम धरलं काय?”

मशिदीच्या हौदावर वजूला बसलेल्या मोहियोद्दीनच्या कानामागून पांढरे ओघळ निघाले होते. विचारणारे शेजारी बसलेले मुतवल्ली साहेब, मशिदीचा कारभार बघणारे.

“हाव,” तो बोलून गेला. “रंगसफेदी.”

अल्लाच्या दारात खोटं बोललो, हे त्याला पाय धुताना कळलं. पण खरं काय सांगणार? तो सर्कशीतला जोकर. लातूरच्या मुक्कामात सर्कस बंद पडली, तसा तो नांदेडला आला. आता बर्गरच्या दुकानापुढं लाल नाक लावून लोकांना आत बोलावतो. जुम्म्याच्या नमाजाला मालक उशिरा सोडतो, मग घाईत तोंडाचा सफेदा नीट निघत नाही. त्यात त्याच्या लेकीची, उजमाची सोयरीक मुतवल्लींच्या पुतण्याशी चाललेली. तिच्या अम्मीनं, शहजादीनं, तिकडं एवढंच सांगितलं होतं : मेहनतीचं काम करतात.

“मंग झ्याक झालं,” मुतवल्ली खूश झाले. “रमजान आला. मशिदीच्या भिंतीला तुमचाच हात लागू द्या.”

घरी शहजादीनं कपाळावर हात मारून घेतला. “घराला कधी चुना मारला का तुम्ही? दर साली मीच मरते!”

“मंग शिकव.”

“रात्रीच भिजत घाला. आन ध्यानात ठेवा, तोंडाला फासायचा न्हाई, भिंतीला मारायचाय.”

रविवारी तो शिडीवर चढला. चुना पातळ झालेला. भिंतीपेक्षा अंगावरच जास्त. खाली चार बुजुर्ग आणि मकतबात शिकणारी पोरं.

“समधी व्हायच्या आधीच कामाला लावलं बघा तुम्हाला!” मुतवल्ली खालून हसले.

तो वळून हसायला गेला आणि शिडी सरकली.

पडताना माणूस ओरडतो, हात टेकतो. मोहियोद्दीनचं अंग मात्र हवेतच गोळा झालं, खांद्यावरून लोळलं, उभं राहिलं आणि दोन्ही हात पसरून, मान झुकवून थांबलं.

“आरे, बर्गरवाला जोकर!” पोरांनी टाळ्या पिटल्या.

बुजुर्ग एकमेकांकडं बघू लागले. पसरलेले हात आता खाली कसे घ्यायचे, त्याला सुचेना.

मुतवल्लींनी पोरांना आत पिटाळलं. पडलेला कुंचला उचलून त्याच्यापुढं धरला.

“घ्या. अर्धी भिंत ऱ्हायली.”

तो पुन्हा चढला. या वेळी शिडी मुतवल्लींनी स्वतः धरली, घट्ट. वर त्याच्याकडं मात्र बघितलं नाही, तोंड रस्त्याकडं केलेलं.