करडगीचं वजन

"ही बाई मालकाचीच हाय," महांतेश बिराजदार उभे राहून म्हणाले. "सरळ दिसून राहिलंय. भाव चढवायला बसवलीय."

नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात बसलेली तीस-पस्तीस माणसं एकदम वळली. तिसऱ्या रांगेतल्या बाईचा वर केलेला हात तसाच राहिला. साठी उलटलेली बाई, अंगावर फिकट निळं पातळ, मांडीवर कापडी पिशवी. आधीच्या बावीस वस्तूंकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तेविसावी निघाली तसा हात वर केला, तो खालीच घेत नव्हती.

"अप्पा, आईची कसम, मी वळखत न्हाई ह्यांना," लिलाव पुकारणारे व्यंकटराव म्हणाले.

"मागल्या महिन्यात पानदानाच्या टायमालाबी आईचीच कसम खाल्ली व्हती तुमी."

लोक हसले. बाईने हात खाली घेतला. पिशवी काखेत धरून रांगेतून बाहेर पडली आणि दाराशी बराच वेळ चपला शोधत राहिली. आता ती वळेल, व्यंकटरावांना काहीतरी खूण करेल, म्हणून महांतेश डोळे लावून बसले होते. ती वळली नाही.

वस्तू महांतेश यांना मिळाली. चांदीची करडगी. लिंगायत माणूस गळ्यात इष्टलिंग घालतो, ते ठेवायची ही डबी. चिंचोक्यासारखी चकचकीत नवी नव्हे, चांगली काळवंडलेली, दोन्ही बाजूंना दोऱ्यासाठी कड्या. झाकण घट्ट बसलेलं होतं, उघडत नव्हतं. चिठ्ठीवर व्यंकटरावांनी लिहिलं होतं, 'जुन्या घाटाची'. ते कधीच 'जुनी' लिहीत नसत. शंभर वर्षांची म्हटलं की सरकारी नोंदीचा प्रश्न येतो, आणि नवी म्हटलं तर गिऱ्हाईक येत नाही. घाट मात्र कशाचाही जुना असू शकतो.

लातूरच्या गंजगोलाईजवळ महांतेश यांचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी काट्यांच्या दांड्या सरळ केल्या, पारडी समतोल केली, वजनांच्या तळाला शिसं भरून दिलं आणि कुणी चोरून काढलेलं शिसं पकडूनही दिलं. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले, दुकानात दिवसभरात दोन माणसं येत. रिकामेपणी त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. परवडेल तेवढंच घ्यायचे. निजामाच्या वेळची हाली नाणी, अडकित्ते, पितळी दौती, शेर-पावशेराची मापं. पहिल्याच लिलावात दोनशे वर्षांची म्हणून घेतलेल्या समईच्या बुडाला यंत्राच्या कातकामाची वर्तुळं निघाली होती. चिंच, मीठ लावून महिनाभर उकिरड्यात पुरलं की पितळ पणजोबासारखं दिसतं, हे त्यांना तेव्हा कळलं. तेव्हापासून ते वस्तू आधी डोळ्यांनी बघत नसत, तळहातावर घेऊन डोळे मिटत.

ही करडगी हातावर घेतली तेव्हाच ती जड लागली होती. एवढ्या पत्र्याला एवढं वजन असायचं कारण नव्हतं. आत शिसं ओतलंय, त्यांनी ओळखलं. तरी बोली लावली. कवच खरं होतं, आणि या वेळी व्यंकटरावांना पुराव्यानिशी धरायचं होतं.

सोमवारी दुकानात त्यांनी झाकणाच्या फटीत रॉकेलचे दोन थेंब सोडले आणि तासाभराने पातळ पातं घालून हलक्या हाताने फिरवलं. झाकण निघालं.

आत शिसं नव्हतं. मऊ पडलेल्या पांढऱ्या कापडात काळंभोर, गुळगुळीत इष्टलिंग होतं.

महांतेश यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि घर गाठलं.

त्यांची बायको मंजुश्रीबाई ते पाहून, ओला हात पदराला पुसत दोन पावलं मागे सरल्या. "अवं, हे मातीत जायला पाहिजे व्हतं. माणूस गेला की त्याच्या हातात देऊन पुरतेत. बाहेर कसं आलं?"

तेच तर महांतेश यांच्या डोक्यात घुमत होतं. जिवंत माणूस लिंग सोडत नाही आणि मेलेल्याचं कुणी ठेवत नाही. म्हणजे कुणीतरी उकरलं होतं.

"घरात ठिवू नका," मंजुश्रीबाई म्हणाल्या. "आन् ज्यानं आणलं त्याला सोडूबी नका."

व्यंकटरावांनी फोनवर आधी नेहमीचं सांगितलं, पार्टीचं नाव सांगत नसतो. महांतेश यांनी पोलिसाचं नाव काढलं तेव्हा ते मऊ झाले. "अप्पा, अहमदपूरच्या भंगारवाल्यानं आणून दिलं. त्यापल्याड मला काय म्हाईत न्हाई. पण ती बाई हाय ना, त्या दिवशीची, ती आठ दिवस आधी आली व्हती. डबी माझी हाय म्हणून राहिली. म्या म्हणलं, पावती हाय का? न्हाई तर मग बोली लावा. चाकूरची हाय. तारामती शेळके."

शेळके. म्हणजे लिंगायत नव्हे. मग तिची करडगी कशी? महांतेश यांना वाटलं, धागा हाती लागला. चोरीच्या मालाच्या वाटणीवरून फिसकटलं असणार, म्हणून ती परत घ्यायला धडपडत होती.

दुसऱ्या दिवशी करडगी रुमालात गुंडाळून, आतल्या खिशात घालून ते चाकूरच्या एसटीत बसले.

तारामतीबाईंचं घर नव्याने रंगवलेलं होतं. त्या ओट्यावर तूर निवडत होत्या. महांतेश यांना पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं, पण उठल्या नाहीत.

"डबी तुमची हाय म्हणं," महांतेश उभ्यानेच म्हणाले.

"माझी न्हाई. माझ्याजवळ व्हती."

"कुणी दिली?"

"तुमाला सांगून उपेग हाय का? चार माणसांत मला दलाल केलंत तुमी."

महांतेश यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. करडगीही दाखवली नाही. "तुमच्याजवळ व्हती तर खूण सांगा. आत काय हाय?"

"त्ये मला न्हाई म्हाईत. उघडली न्हाई कधी." मग सूप जवळ ओढत त्या म्हणाल्या, "एका बाजूची कडी वाकडी हाय. दोऱ्याची गाठ सुटंना, म्हणून म्याच वाकवली व्हती. घाई लई व्हती."

महांतेश यांनी रुमाल बाहेर काढला. डावी कडी वाकलेली होती. ती त्यांनी नांदेडमध्येच पाहिली होती आणि पडून वाकली असेल असं धरलं होतं. ते ओट्याच्या कडेला बसले.

तारामतीबाई करडगीकडे बघत बोलू लागल्या. भूकंपाच्या साली त्या लातूरच्या दवाखान्यात आया होत्या. त्या सकाळपासून किल्लारीकडून ट्रक येत होते. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक पोरगी होती, वीस-बावीसची, कमरेखाली काही राहिलं नव्हतं. तिला ऑपरेशनला आत न्यायचं होतं आणि अंगावर काही ठेवायचं नाही असा नियम. बांगड्या, कानातलं काढू दिलं. गळ्यातली डबी काढू देईना.

"अर्धं कानडी बोलायची, मला कळंना. शेवटी म्हणली, आक्का, दुसऱ्याच्या हातात देऊ नको. म्या म्हणलं, न्हाई देत बाई. भाईर आलीस की म्याच घालते तुझ्या गळ्यात." त्यांनी सुपातला एक खडा उचलून लांब टाकला. "मला दुसऱ्या वार्डात धाडलं. माघारी आले तवर ती गेली व्हती. ट्रकबी गेला व्हता. सगळ्यांना एकाच जागी जाळलं म्हणले."

"नाव?"

"त्येच तर. इचारायचं ऱ्हायलं."

बत्तीस वर्षं ती डबी त्यांच्या पेटीत होती. किल्लारीचा पेशंट आला की त्या विचारायच्या, तुमच्यात अशी अशी पोरगी होती का. प्रत्येकाच्या घरात एक होती. यंदा घर रंगवायला काढलं, तेव्हा पुतण्याने गंजकी पेटी सामानासकट भंगारात दिली. तारामतीबाई चाकूरच्या भंगारवाल्याकडे गेल्या, त्याने अहमदपूर सांगितलं, अहमदपूरवाल्याने नांदेड.

"मठात न्हाई तर पोलिसात द्यायची," महांतेश म्हणाले. आवाजातला संशय अजून पुरता गेला नव्हता, आणि तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

"दुसऱ्याच्या हातात देऊ नको म्हणली व्हती."

महांतेश यांनी रुमालासकट करडगी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आक्का, लई चुकलं माझं. तुमची हाय, घ्या."

तारामतीबाईंनी हात लावला नाही. "मी घिऊन काय करू? आज हाय, उद्या न्हाई. परत भंगारातच जायची. तुमी त्याच लोकांतले ना? तुमच्यात कसं करतेत ते करा. मला संगं न्या, एवढंच."

गुरुवारी सकाळी दोघं किल्लारीला उतरली. लिंगायतांची रुद्रभूमी, म्हणजे पुरायची जागा, गावाबाहेर माळावर होती. तिथले विधी करणारे शिवप्रसाद स्वामी म्हणून तरुण जंगम होते, त्यांना महांतेश यांनी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी हातभर खड्डा खणवून घेतला होता. भस्म लावून, बेल वाहून त्यांनी इष्टलिंग कापडासकट खाली ठेवलं आणि करडगी महांतेश यांच्याकडे परत केली.

"ही ठेवून घ्या, अप्पा. चांदी कुणी पुरत नाही."

महांतेश यांच्या तळहातावर रिकामी करडगी आता हलकी लागत होती. असं काम हल्ली कुणाला जमत नाही. झाकणाच्या कडेची वेल एका हाताने, एका दमात कोरलेली होती. सगळ्या लिलावांत मिळून त्यांच्या वाट्याला आलेली एवढी एकच खरी वस्तू. त्यांनी तारामतीबाईंकडे पाहिलं. त्या खड्ड्याकडे बघत होत्या, त्यांच्याकडे नाही.

"आक्का?"

"तिनं डबीसकट दिलं व्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

महांतेश गुडघ्यावर बसले. लिंग पुन्हा करडगीत घातलं, झाकण फिरवून घट्ट केलं आणि ती खाली ठेवली. माती लोटताना त्यांनी सवयीने मान वर करून माळावर चौफेर पाहून घेतलं. लांब एक शेळ्यावाली होती, तिची पाठ होती. तरी त्यांनी एक मोठा धोंडा लोटत आणून त्या जागेवर बसवला.

तारामतीबाई चपला काढून लांब उभ्या होत्या. स्वामींनी त्यांना मूठमाती द्यायला बोलावलं आणि वहीत नोंद करायला पेन काढलं. मयताच्या नावापुढे त्यांनी रेघ ओढली.

"आणि या कोण लागतात?" त्यांनी महांतेश यांना विचारलं.

महांतेश तारामतीबाईंकडे वळले.

तारामतीबाईंनी धोंड्याशेजारी माती सोडली, हात झटकले नाहीत. "लागत कुणी न्हाई, स्वामी," त्या म्हणाल्या. "माझी ड्युटी व्हती."

स्वामींनी तसंच लिहिलं.