एकाच बुटाची जोडी

"हा फोटो बाद," मास्तरांनी ग्रुपवर लिहिले. "विषय जोडीचा आहे. इथे एकच बूट दिसतोय."

जपूनकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांजवळ धरून ते वाक्य पुन्हा वाचले. मग समोरच्या टेबलावरच्या बुटाकडे पाहिले. मास्तर म्हणत होते ते खरेच होते. बूट एकच होता.

बस आगारात हरवलेल्या वस्तूंची खिडकी सांभाळण्यात काकांची आजवरची सगळी नोकरी गेली होती. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कवळीसुद्धा. वस्तू न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, "आता जपून हं." त्यावरून त्यांचे नाव जपूनकाका पडले आणि खरे नाव पगाराच्या कागदावरच राहिले.

हा ग्रुप हौशी फोटोवाल्यांचा. आगारातले चालक, कॅन्टीनच्या वहिनी, जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टर आणि रिटायर झाल्यावर शिस्त लावायला वर्ग उरला नाही म्हणून ग्रुपला शिस्त लावणारे मास्तर. दर आठवड्याला एक विषय. या वेळी जोडी. वहिनींनी दोन किटल्यांचा फोटो टाकला होता, एक झाकणाची आणि एक बिनझाकणाची. खाली लिहिले होते, "आमचे हे आणि मी. तोंड कुणाचं उघडं ते विचारू नका." एका चालकाने बसचे दोन वायपर टाकले होते. सिस्टरांनी दोरीवर वाळत घातलेले दोन हातमोजे. कुणालाच फोटोग्राफी धड येत नव्हती, पण सगळ्यांचे डोळे उघडे होते, आणि काकांना त्याचेच अप्रूप वाटे.

त्यांनी टाकलेला बूट तपकिरी चामड्याचा, डाव्या पायाचा होता. त्याचा तळ विटेएवढा जाड. नवाकोरा, एकदाही न घातलेला. एका वाहकाने कापडी पिशवीसकट जमा केला होता.

काकांनी उत्तर लिहिले, "दुसरा कुठेतरी आहे. कुणी पाहिला तर सांगा."

"नियम म्हणजे नियम," मास्तरांनी कळवले.

नियम आगाराच्या साहेबांचाही होता. सकाळीच ते कपाटासमोर उभे राहून म्हणाले होते, "काका, एक हातमोजा, एक कर्णफूल, एक बूट. हे न्यायला कोण येणार? महिनाअखेरीला सुटं सामान काढून टाका. जागा कुठे आहे?" साहेब वाईट नव्हते. जागा खरोखरच नव्हती.

दुपारी सिस्टरांचा फोन आला.

"काका, तो बूट टाकू नका हं. एक पाय आखूड असला की तसला लागतो. मापाचा असतो, दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही. आमच्याकडून लोकांना बाजारामागच्या बूटवाल्याकडे पाठवतात. त्याला दाखवा."

संध्याकाळी काका पिशवी घेऊन तिथे गेले. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट होती. आत एक म्हातारा रिकाम्या हातांनी बसला होता. त्याने बूट घेतला, पण डोळ्यांजवळ नेला नाही. तळाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"माझाच," तो म्हणाला. "वाचनालयातल्या बाईंचा. नेताना बसमध्ये पडल्या म्हणे. लोकांनी धरून खाली उतरवलं, त्या गडबडीत पिशवी राहिली. त्यांचा जुना डावा पार फाटला, म्हणून तेवढाच नवा केला होता."

"मग दुसरा करून द्यायचा होता."

"निरोप आला होता तसा." म्हाताऱ्याने बूट मांडीवर ठेवला. "सुई दिसत नाही आता. हा शेवटचा, तोसुद्धा चाचपत केलाय. त्यांना काय सांगू? गप्प बसलो."

पत्ता त्याला तोंडपाठ होता.

दुसऱ्या दिवशी काका साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले.

"मालकीणबाई सापडल्या, साहेब."

"मग येऊ द्या त्यांना. स्वतः यायचं, ओळख पटवायची, न्यायचं. तुम्हीच सगळ्यांना सांगता."

"यायला पायात बूट लागतो."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे तुम्ही नेऊन देणार?"

इतक्या वर्षांत काकांनी एक रुमालही खिडकीबाहेर असा जाऊ दिला नव्हता. काही चुकले तर आयुष्यभराच्या नावाला बट्टा लागला असता.

"उद्या तुमची सुट्टी ना?" साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सुट्टीत तुम्ही कुठे जाता ते मला कशाला सांगता?"

बाईंचे घर तिसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्ट नव्हती. वर पोहोचेपर्यंत काकांना धाप लागली. दाराची चौकट धरून, एका पायाच्या चवड्यावर तोल सावरत उभ्या असलेल्या बाईंनी त्यांना आत बोलावून आधी पाणी दिले. ग्लास आणतानाही त्या भिंतीच्या आधाराने गेल्या, पण पाणी सांडू दिले नाही.

काकांनी पिशवी पुढे केली. बाईंनी आत पाहिले. हात मात्र लावला नाही.

"हा कुठे मिळाला?"

"बसमध्येच. वाहकानं माझ्याकडे जमा केला."

"मी विचारायलासुद्धा आले नाही. म्हटलं, एक बूट कोण ठेवतं?"

"मी ठेवतो," काका म्हणाले. "तेच काम आहे माझं." मग जरा घुटमळत, सवयीने, "फक्त ओळख पटवावी लागेल."

बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी खुर्चीखालून उजव्या पायाचा बूट काढून त्याच्याशेजारी ठेवला. तेच चामडे, तीच शिवण. एक उंच, एक ठेंगणा.

"पटली?"

"पटली."

त्या खुर्चीवर बसल्या. नाडी ओवायला काका वाकले, तसा बाईंनी तळहात वर केला. "राहू द्या. हे माझं मी करते." काका उगीचच भिंतीवरचे घड्याळ न्याहाळत उभे राहिले. पाठीमागे नाडी आवळल्याचा आवाज झाला, खुर्ची कुरकुरली, आणि मग फरशीवर पावले वाजू लागली. एक हलके, एक जड. आधी सावकाश, मग सरळ स्वयंपाकघरापर्यंत आणि परत.

"लागतो का कुठे?"

"त्यांच्या हातचा आहे. लागेल कसा?" बाई म्हणाल्या. "पण दुसरा करा म्हटलं तर काही कळवलंच नाही त्यांनी. रागावले का?"

"डोळे गेलेत त्यांचे. हा शेवटचा केलेला."

बाईंनी वाकून आवळलेली नाडी थोडी सैल केली आणि पुन्हा नीट बांधली.

"मग जपून वापरायला हवा," त्या म्हणाल्या.

हे वाक्य आजवर काकांनीच लोकांना ऐकवले होते.

"निघतो मी."

"थांबा, मीही येते. वाचनालय उघडं असेल अजून. रजा संपत आली माझी. घरात बसून भिंतींशी बोलायची पाळी आली होती." त्यांनी जेमतेम केस सारखे केले, पर्स घेतली आणि जिन्याच्या कठड्याला हात न लावता त्या काकांच्या पुढे खाली उतरल्या.

बसमध्ये शेजारी बसल्यावर काकांचा फोन सारखा गुरगुरू लागला.

"कुणी बोलावतंय का?"

"ग्रुप आहे. बूट कुणाचा निघाला ते विचारतायत." काकांनी संकोचत फोन त्यांच्या हातात दिला. बाईंनी किटल्या पाहिल्या, वायपर पाहिले, हातमोजे पाहिले. किटल्यांखालचे वाचून त्या मोठ्याने हसल्या, तेव्हा पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिले.

"आणि माझा बूट बाद?"

"नियमात बसत नव्हता."

बाईंनी दोन्ही पाय जुळवून सीटच्या बाहेर, मोकळ्या जागेत ठेवले. आयुष्यभर त्यांनी ते पाय सीटखालीच घेतले असणार, हे काकांच्या लक्षात आले.

"काढा फोटो," त्या म्हणाल्या. "माझा चेहरा नको. यांचाच."

बस खड्ड्यातून गेली आणि फोटो हलला. काकांनी तसाच पाठवून दिला. मास्तरांचे उत्तर लगेच आले, "हलला आहे." मग त्यांनीच खाली लिहिले, "राहू द्या."

वाचनालयाच्या थांब्यावर बाई उतरल्या. वाहकाने हात पुढे केला, त्यांनी मान हलवून त्याचे आभार मानले आणि हात न घेताच खाली पाऊल टाकले. बस सिग्नलला अडकली होती. काकांनी काचेतून पाहिले. बाई दगडी पायऱ्या चढत होत्या. एक पायरी, मग दुसरी, मध्ये न थांबता. वर दार जड होते. त्यांनी ते खांद्याने ढकलून उघडले. मागून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन कुणीतरी धापा टाकत येत होते. ते आत जाईपर्यंत बाईंनी दार धरून ठेवले आणि मग त्याही आत गेल्या.