भाऊंचा बंब

बंबाच्या तोटीखाली, जिथे बोट नीट पोचत नाही तिथे, हिरवट काळी रेघ राहिलीच होती. वनमालाने चिंचेचा कोळ पुन्हा चोळला, आणि तांब्याचा लालसर रंग हळूहळू वर येऊ लागला तसं तिच्या मनात आलं – आज हे कशासाठी? आज तर याच्या जागी दुसरं काही आणायला जायचंय…

मुलुंडच्या या नव्या ब्लॉकमध्ये बंब गॅलरीत पेटायचा आणि धूर सरळ वरच्या मजल्यावरच्या सुलक्षणाबाईंच्या वाळत्या कपड्यांत शिरायचा. बाई भांडल्या नाहीत. मुलाचा शाळेचा सदरा घेऊन खाली आल्या आणि नुसता हुंगायला दिला, तेवढं पुरलं. चंद्रप्रकाश, तिचा नवरा, म्हणाला, गॅसचा गीझर घे नाहीतर विजेचा घे, तूच ठरव. आणि भाऊंनाही तूच सांग.

खरं अवघड तेच होतं. भाऊ तिचे सासरे. संपात त्यांची गिरणी सुटली, मागोमाग विक्रोळीची चाळ सुटली, आणि उरलं ते फक्त पहाटे उठून बंबात ढलप्या रचणं. माणसाच्या हातातलं शेवटचं काम आपणच काढून घ्यायचं? आणि काम त्यांचं असलं तरी बंब तिचाही होताच की… नवी नवरी होऊन चाळीत आली ते थंडीचे दिवस. उशीर होईल या धास्तीने दचकून उठली, तर मोरीशी बंब पेटलेला, नारळाच्या सोडणांचा गोडसर धूर, आणि पहिल्या पाळीला निघालेले भाऊ तिच्याकडे न बघताच म्हणाले होते, "पाणी तापला हां." माहेरी आई गेल्यापासून सगळ्यांचं पाणी तीच तापवायची. आपल्यासाठी कुणी आधी उठतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. लग्न मांडवात लागलं असेल. पण मी या घरची झाले ती त्या धुरात, असं तिला अजून वाटे.

तिने जरा चाचरतच सांगितलं. भाऊ चपला घालून बरोबर निघाले.

घाटकोपरच्या दुकानात विजेचा पांढरा, टाकीवाला गीझर भिंतीवर होता. दुकानदाराचा जीव मात्र गॅसच्या गीझरवर. वीज गेली तरी पाणी गरम, असं म्हणत त्याने नळ सोडला, आणि छोट्या काचेमागे निळी ज्योत भपकन उठली. भाऊ मागे सरले. हात आपोआप तोंडापुढे गेला. मग तो हात कुठे ठेवावा हे न कळून त्यांनी तो खिशात घातला. जरा वेळाने पांढऱ्या टाकीकडे बोट करून विचारलं, "ह्याच्यात आग दिसणा नाय ना?"

विचार करून येतो, असं सांगून ती त्यांना शेजारच्या हॉटेलात घेऊन गेली. चहा आला. ती म्हणाली, सुलक्षणाबाईंना मी समजावीन, बंबच राहू दे, तुम्हांला सवय आहे.

भाऊंनी बशीत फुंकर घातली. "माजो सगळो जलम गिरणीत बॉयलरपुढे गेलो. आग दिसली की अजून जीव घाबरता. तुका बरा वाटता म्हणान पेटवतंय."

आधी तिला रागच आला – मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? पण बोलायला कुणी विचारलं होतं… चाळीतली ती पहाट पुन्हा समोर उभी राहिली, आणि या वेळी तिला मोरीशी वाकलेली पाठ दिसली, दिवसभराच्या आगीकडे जाण्याआधी घरातल्या आगीशी वाकलेली. इतकी वर्षं त्या आठवणीत ती एकटीच ऊब घेत होती. धूर तसाच गोड होता. तो तिला पुरता आपला म्हणता येईना, आणि सोडवतही नव्हता. गिरणी सुटल्यापासून भाऊ सगळ्यांच्या मागून आंघोळीला जात. तोवर बंबात काय उरलेलं असे?

"भाऊ, तुम्हांला पाणी कसं लागतं? कढत की कोमट?"

भाऊ विचारात पडले. खरोखरच पडले, बशी टेबलावर ठेवून बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले. गीझर तिच्या मनातून कधीच निघून गेला होता. समोरच्या या म्हाताऱ्या, ओळखीच्या चेहऱ्याकडे ती नव्याच माणसाकडे बघावं तशी बघत होती, आणि उत्तर काहीही आलं तरी ते ऐकायला आपल्याला फार उशीर झालाय, की आत्ताच कुठे सुरुवात होतेय, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.