महाराजांचा पोचा

“महाराजांचा भोंगा सरळ होईपर्यंत माझी कंबर वाकडी होणार,” माझा नवरा संजीव कानाशी कुरकुरला. मी त्याला कोपर मारलं.

आयर्लंडमधल्या गॉलवेतला भाड्याचा हॉल, साल २००५. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आपले हुशार मराठी लोक हात जोडून बसलेले. कुणी औषधं बनवणारे, कुणी हृदयात घालायच्या नळ्या. स्टेजवर नादमहाराज, आणि त्यांच्यासमोर जुन्या फोनोग्राफचा पितळी कर्णा. कर्ण्याला वाटीएवढा पोचा.

“पोचा म्हणजे काय? कोंडलेला नाद!” महाराज गरजले. “शरीरातली गाठ म्हणजे काय? कोंडलेला नाद! ॐकार दोघांनाही मोकळं करतो.”

त्यांनी कर्ण्यावर शाल टाकली, शालीखालून दोन्ही हातांनी काठ धरला आणि ॐकार असा ताणला की बाहेर लावलेल्या गाड्यांचे अलार्म वाजायचेच बाकी होते.

टण्ण!

शाल उचलली. पोचा गायब.

“अनबिलीव्हेबल!” इंद्रनील ओरडला. हाच इंद्रनील कारखान्यात विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर एक स्क्रूसुद्धा विकत घेत नाही.

माझ्या पुढच्या खुर्चीत उल्का डोळे पुसत होती. हॉस्पिटलची तपासणी ती पुढे ढकलत होती. अनुष्ठान पुरं होईपर्यंत अंगाला सुई लागू द्यायची नाही, असा महाराजांचा हुकूम होता. आम्ही मैत्रिणी फार तर “तुझं ते कसं आहे?” एवढंच विचारायचो. उत्तर यायचं, “ग्रँड,” म्हणजे इथल्या भाषेत ‘छान चाललंय’. तिचा नवरा संकेत तेवढंही विचारायचा नाही.

मी उठले. जुने फोनोग्राफ दुरुस्त करायचा मला नाद आहे. शिकवलं कुणी नाही. जुन्या बाजारातले कर्णे आधी बिघडवले, मग शिकले. आदल्या मुक्कामी, डंडॉक गावात, महाराजांनी हाच प्रयोग केल्याचं कळलं होतं, म्हणून पिशवीत माझा एक चेपलेला कर्णा घेऊनच आले होते. तो काढून मी स्टेजवर ठेवला.

“महाराज, माझ्याही कर्ण्याचा नाद कोंडलाय. तेवढा मोकळा करता?”

महाराजांनी लांबूनच पाहिलं. “ताई, या कर्ण्यावर संशयाची छाया आहे.”

“छाया नाही हो, घडी आहे. माळ्यावरून पडलाय तो.”

मागे कुणीतरी खुसखुसलं. मी त्यांचा कर्णा उचलला.

“हात लावू नका! नाद विटाळेल!”

मी अंगठ्याने दाबलं. टुक्. पोचा हजर! काठ दोन्हीकडून आवळला. टण्ण. पोचा गायब!

“अय्या, ॐ म्हणायचा राहिलाच,” मी म्हणाले.

मग कर्णा सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

“बिस्किटाच्या डब्याचं झाकण दाबून बघा, तेही असंच करतं. पत्रा पातळ आणि पोचा उथळ असला की तो आत तरी बसतो, नाहीतर बाहेर. मधे थांबत नाही. काठ आवळला की उडी मारतो. महाराज आधी अंगठ्याने पाडतात आणि मग ॐकाराने काढतात.”

“विद्याताई, लोकांच्या श्रद्धेचा तरी विचार करा,” इंद्रनील म्हणाला.

“करतेय की. म्हणून तर बोलतेय. कर्णा त्यांचा, पोचा त्यांचा, शालही त्यांचीच. दुसऱ्याचा कर्णा आणून द्यावा, हे तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही?”

तोवर महाराजांना विमानाची वेळ आठवली होती. ते शाल गुंडाळू लागले.

उल्का पुढे आली. तिने महाराजांचा कर्णा हातात घेतला. टुक्. टण्ण. टुक्. टण्ण. मग तो खाली ठेवून माझ्या कर्ण्याच्या घडीवर तिने बोट फिरवलं.

“आणि ताई, हे?”

“हे मंत्राने निघत नाही गं. आधी उजेडात धरून किती खोल गेलंय ते बघायचं. मग आतून लाकडी साचा लावायचा, वरून हलक्या हाताने ठोकायचं. वेळ लागतो. कधी पूर्ण निघतं, कधी खूण राहते. पण बघितल्याशिवाय जो ‘निघेल’ म्हणतो ना, त्याच्या हातात पत्र्याचा भोंगासुद्धा देऊ नये. माणूस तर नाहीच नाही. माणसासाठी डॉक्टर आहेत.”

संकेत घाईघाईने पुढे आला. “चल उल्का, घरी जाऊन बोलू.”

“घरी आपण कुठे बोलतो?” उल्का म्हणाली. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. “माझ्या छातीत गाठ आहे, संकेत. कॅन्सर असू शकतो. उद्या मला हॉस्पिटलमध्ये ने.”