शालूबाईंच्या बोरमाळेची रेघ

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पण वाटेत ठेच लागावी तसला नव्हे. मी कसोटीचा दगड. काळाकुळकुळीत, तुमच्या कंपासपेटीएवढा. माझ्यावर दागिना घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा. रेघ टिकली तर सोनं. हिरवट फेस येऊन पुसली तर पितळ. जो समोर येईल त्याचा आधी संशय घ्यायचा, हाच माझा जन्माचा धंदा. त्यामुळे स्वभाव जरा तिरकस झालाय, तेवढं सांभाळून घ्या.

मला कुणी घडवलं ते आठवत नाही. आठवतो तो माझे मालक नाथाजी यांच्या वडिलांचा खरखरीत हात. आमच्या विट्याकडची माणसं सोनं गाळायला देशभर जातात; त्याला गलाई म्हणतात. वडिलांमागून नाथाजींनी मला कोइमतूरला नेलं. तीस वर्षं आम्ही दोघं एका गादीवर बसलो. नाथाजींनी ‘चोख’ म्हटलं की तिथले सोनार दुसऱ्यांदा तपासत नसत. मग किरण टाकून कस सांगणारं यंत्र आलं आणि मी खणात गेलो. पुढे नाथाजी थकून गावी परतले आणि मी फडताळात धूळ खात पडलो.

मग एका उन्हाळ्यात सीमेवर ठिणगी पडली. रजेवर आलेले जवान अंगावरची हळद न उतरताच परत निघाले. ट्रक, टँकर, ट्रॅक्टर किती, माजी सैनिक कोण कोण, सगळ्याच्या याद्या झाल्या. कारखान्याचा भोंगा हल्ल्याचा इशारा म्हणून वाजवून पाहिला. दिवे घालवायची तालीम झाली, तेव्हा मेंढरं घेऊन आलेल्या धुळा धनगराची बॅटरी तेवढी रानात चमकली. झालं! हेर समजून लोकांनी त्याला चावडीवर आणलं. बिचारा चुकलेलं कोकरू शोधत होता.

त्यातच सरपंचांचा पुतण्या विश्वजित याने निधी समिती काढली. पूर्वीच्या लढाईत आज्यांनी दागिने दिले होते, आता आपण द्यायचे, असं ठरलं. देणाऱ्यांची नावं फलकावर लागत, आणि न देणाऱ्यांची कर्ण्यावरून पुकारली जात. मला तेव्हाच शंका आली. सोनं मागितलं कुणी? कुठल्या कागदावर? पण त्या दिवसांत विचारणाऱ्याकडेच लोक डोळे बारीक करून पाहत. मी तर बोलून चालून दगड.

देवळाच्या ओसरीवर नाथाजींनी मला मांडीजवळ ठेवलं. बायका येत होत्या, दागिने घासले जात होते, शेजारी शेगडीवर मुशीत वितळत होते. किती वर्षांनी अंगावर रेघा उमटत होत्या! मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात शालूबाई आल्या. त्यांचा एकुलता मुलगा वीरधवल त्या घटकेला सीमेवर उभा होता. त्यांनी गळ्यातली बोरमाळ काढून दिली.

"पोरानं पयल्या सुट्टीत आणलीया," त्या म्हणाल्या.

नाथाजींनी माळेचा मणी दाबून घासला. थेंब सोडला. फेस आला, आणि रेघ गेली. पितळ! मी वाट पाहत होतो ‘खोटं’ या शब्दाची. नाथाजींनी अंगठ्याने मला झटकन पुसलं आणि म्हणाले, "चोख हाय, वैनी."

मित्रांनो, माझं अंग तापलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर खोटं बोललं गेलं होतं. त्यांनी मला पिशवीत सारलं. तेवढ्यात फटीतून दिसलं, माळ मुशीत न जाता त्यांच्या खिशात गेली. हा माणूस चोर निघाला, असं मला वाटलं. मी त्यांना पाण्यात पाहू लागलो.

विश्वजितच्या मोबाइलनेही ते टिपलं होतं. सकाळी देवळासमोर गाव जमलं. नाथाजींच्या खिशातून बोरमाळ निघाली.

"आवं तात्या, देशाच्या सोन्यावर हात मारला व्हय?" विश्वजित ओरडला. मागून कुणी "गद्दार" म्हणालं. नाथाजी मान खाली घालून उभे.

शालूबाई गर्दीतून पुढे आल्या. नाथाजींच्या खांद्याला अडकवलेल्या पिशवीतून मला काढून त्यांनी त्यांच्याच हातात दिलं.

"घासा, भावजी. समद्यांम्होरं घासा."

"ऱ्हाऊ द्या, वैनी."

"घासा म्हंते न्हवं!"

नाथाजींनी मणी घासला. रेघ उमटली, थेंब पडला, रेघ गेली.

"पितळ हाय," शालूबाई म्हणाल्या. "मला पयल्या दिसापास्नं म्हाईत हाय. स्टेशनावर कुणीतरी फशिवलं माझ्या लेकराला. जवानाची आय आसून काय दिलं न्हाई, आसं कर्ण्यावर नगं, म्हून आणली. आन् भावजींच्या बोटातली आंगठी कुठं गेली, इचारलं का कुणी? म्या बघितलीया ती मुशीत जाताना."

सगळ्यांनी पाहिलं. नाथाजींच्या बोटावर नुसता पांढरा वळ होता. गलाईच्या पहिल्या कमाईची ती अंगठी, शालूबाईंच्या नावाने त्यांनी मुशीत टाकली होती. तोवर पिशवीचं तोंड आवळलं होतं, मला दिसलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

विश्वजितचा मोबाइल अजून सुरू होता. शालूबाईंनी त्यावर हात ठेवला.

"बाळा, ह्ये मातर पाठवू नगंस. त्यो तिकडं हुबा हाय."

विश्वजितने मान खाली घालून ते पुसून टाकलं, आदल्या दिवसाचंही. शालूबाईंनी माळ पुन्हा गळ्यात घातली.

थोड्याच दिवसांत लढाई थांबली. सोन्याची लगड घेऊन समिती कचेरीत गेली, तर साहेब म्हणाले, सोनं तर आम्ही मागितलंच नव्हतं! ज्याचं त्याला वजनाने परत आलं. शालूबाईंनी आपल्या वाट्याचा तुकडा नाथाजींच्या उंबऱ्यावर ठेवला. त्याची अंगठी पुन्हा घडली.

आता मी नाथाजींच्या देव्हाऱ्याशेजारी असतो. दर अमावस्येला मला पुसून खोबरेल लावतात. मित्रांनो, सोन्याचा संशय जरूर घ्या, त्यासाठी मी आहे. माणसाचा घ्यायची वेळ आली, तर आधी त्याच्या बोटांकडे नीट पाहा.

आणि एक विनंती. वीरधवल पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. आईच्या गळ्यात माळ पाहून तो खूश होईल. सगळं गाव गप्प आहे. तुम्हीही त्याला सांगू नका.